बेचकं

माझ्या बापाच्या सायकलला स्टँड नव्हता.
होता आधी. चिनी, चकचकीत.
दुसऱ्याच बाजाराला केळीच्या घडांखाली
मोडला, वाळक्या काटकीसारखा.
बापाने उरलेला लोखंडी तुकडा काढून विकला
आणि कुंपणालगतच्या कॉफीकडे
बघत बसला बराच वेळ.

कॉफीचं लाकूड हट्टी असतं.
जिथे दोन फांद्या फुटतात त्याच्या वर चार बोटं,
खाली कमरेला येईल एवढं,
असं मापून कापलं त्याने.
टोक चुलीत भाजून काळं केलं,
बेचक्याला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली,
सायकलला लागू नये म्हणून.
मग छाती टेकून सगळा भार टाकला तिच्यावर.
काठी हूं की चूं करेना.
'चालेल,' म्हणाला.

सहा घड. दोन डावीकडे, दोन उजवीकडे,
दोन वर आडवे, रबराने करकचून.
पहाटे चारला टेकडीवरून खाली, काब्वोहेच्या वाटेला.
हँडल त्याच्या हातात,
मागची दोरी माझ्या.
ब्रेकही नव्हते.
ब्रेक मी.

चढ लागला की थांबायचं.
मी पुढे पळत जायचं, काठी सोडवायची,
सीटखाली बेचकं अडकवायचं, टोक मातीत रुतवायचं.
मग बाप एकेक बोट सोडत हात काढून घ्यायचा,
झोपलेल्या पोराजवळून उठतात तसा.
त्या वळणावर अशा आणखी दहाबारा सायकली,
हिरव्या ओझ्यांच्या, काठीला टेकलेल्या,
आणि त्यांच्या सावलीत दहाबारा माणसं
गुडघ्यात डोकं घालून.

एकदा मी ती काठी झऱ्यावर विसरलो.
अवोकाडो पाडायला घेतली होती.
बाजारात पोचल्यावर कळलं.
बाप काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

सायकल आडवी टाकावी तर केळी चेमटतात,
काळी पडतात, कामुगिशा निम्मा भाव देतो.
मैदानात भिंत नाही, झाड नाही,
लॉरीला टेकवली तर क्लीनर ओरडतो.
आणि कामुगिशाचा पत्ता नाही.
नऊ वाजले. दहा. ऊन डोक्यावर.
बाप उभा. दोन्ही हात हँडलला,
कंबर ओझ्याला लावलेली.
माशी नाकावर बसली, ती फुंकून उडवली त्याने.

बुशेरा विकणारी केमिरेंबे आली.
बुशेरा म्हणजे नाचणीचंच आंबील, आंबट, गार.
तिने भोपळ्याचं तुंबडं त्याच्या ओठांना लावलं.
एक हात सोडला असता तर सहाही घड गेले असते.
बाप प्यायला. डोळे मिटून.
कोणी माझ्या बापाला भरवताना
मी तोवर बघितलं नव्हतं.
हनुवटीवरचा ओघळ तिने पदराने टिपला
आणि पैसे न घेताच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.
'वेबारे,' तो म्हणाला, आभार,
पण इतकं हळू की मलाच ऐकू आलं.

मग मी ओझ्याखाली शिरलो.
सीटखाली खांदा लावला, पाय रोवले.
'सोड,' म्हणालो.
त्याने सोडलं नाही.
पण थोडं सोडलं.
ते थोडं किती होतं
माझ्या खांद्याला अजून सांगता येईल.

आता माझ्याकडे मोटरसायकल आहे,
तिला पोलादी स्टँड, टाच मारली की उभी.
सायकलची चाकं भाच्यांनी खेळायला नेली.
काठी बागेत आहे,
घडाच्या भाराने कललेल्या एका केळीला टेकू म्हणून,
आई ती दर हंगामाला हलवते, या केळीवरून त्या केळीला.

मी म्हणतो, तीच ही, कॉफीची.
बाप म्हणतो, छे, ही नंतरची,
ती तू हरवलीस.
बेचक्यावर ट्यूबची पट्टी आहे, भेगाळलेली.
मी तिच्याकडे बघतो,
वाद घालत नाही.